भिंतीच्या बाजूनं

गुरुवारचं काम तसं साधं होतं. नारायण पेठेत जायचं, एका शाळेचा मागचा जिना शोधायचा आणि दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात जाऊन बसायचं. फोनवरच्या माणसाने एवढंच सांगितलं होतं. "दर गुरुवारी संध्याकाळी साडेसहा. फी नाही, फॉर्म नाही. नाव सांगावंसं वाटलं तर सांगा, आडनाव नको." त्याचा आवाज इतका सरळ होता की आम्रपालीला वाटलं, आपण दारू सोडवणाऱ्यांच्या गटाला नाही, एसटीच्या चौकशी खिडकीला फोन लावलाय.

हा फोन तिने ऑफिसच्या मीटिंग रूममधून केला होता, काचेवरचा पडदा ओढून. हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ती टेस्टिंगची टीम सांभाळायची. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून काढायच्या, हीच तिची नोकरी. स्वतःची चूक मात्र ती लॅपटॉपच्या बॅगेत, मागच्या कप्प्यात घेऊन फिरायची. रमची क्वार्टर, हातरुमालात गुंडाळलेली, आणि शेजारी वास लपवायला लवंगांची डबी.

नवरा, संजय, कंपनीच्या कामासाठी न्यू जर्सीत होता. घरात ती आणि दुसरीतली लेक राधा. दिवाळीनंतरच्या एका दुपारी शाळेच्या व्हॅनने राधाला सोसायटीच्या दारात सोडलं, तेव्हा आम्रपाली आत सोफ्यावर पडलेली होती. बेल वाजली ती तिला ऐकूच आली नाही. संध्याकाळी तिचे वडील भीमराव सहज म्हणून आले, तर नात जिन्यात दप्तरावर बसलेली. ट्रेझरीतून निवृत्त झालेला हा माणूस आयुष्यात कधी आवाज चढवून बोललेला नव्हता. त्या दिवशीही बोलला नाही. राधाचे चार कपडे पिशवीत भरले आणि दारातून म्हणाले, "पोरगी विश्रांतवाडीला माझ्याकडे राहील. तू दारू सोड आणि घेऊन जा. मला कारणं नकोत."

त्यानंतर ती रविवारी विहारात गेली तेव्हा पंचशील म्हणताना पाचव्या, मद्यापासून दूर राहण्याच्या शीलाला तिचा आवाज घशातच राहिला. शेजारी उभ्या असलेल्या भीमरावांनी मान वळवली नाही. ते ऐकत होते, हे तिला कळलं.

म्हणून हा गुरुवार.

लक्ष्मी रोडला रिक्षा सोडून ती पेठेत शिरली. डिसेंबरचे दिवस, उजेड भराभर उतरत होता. गल्लीच्या तोंडाशी उदबत्त्यांचं दुकान होतं. तिथे जाऊन विचारायचं तरी काय, हे तिने वाटेत दहा वेळा घोकलं होतं. ऐनवेळी तोंडातून भलतंच निघालं.

"अहो, इथे योगाचा क्लास कुठे असतो?"

दुकानदाराने पेपरातून डोकं वर काढलं नाही. "पुढच्या चौकात डावीकडे. पण सहाची बॅच सुरू झाली. उशिरा येणाऱ्याला ते शवासनसुद्धा करू देत नाहीत."

आता योगाचा क्लास विचारलाय म्हटल्यावर त्याच्यादेखत दुसरीकडे जाणं बरं दिसेना. ती मुकाट्याने पुढच्या चौकात गेली. तिथे खरोखरच योगाचा क्लास होता. एक बाई हातात सतरंजी घेऊन दारात उभी होती आणि प्रेमाने आत बोलवत होती. आम्रपाली तिला काहीतरी सांगून परत फिरली.

"झाला योग?" दुकानदार म्हणाला.

"शाळा कुठली हो इथली?"

"शाळा सकाळी सातला भरते. तुम्हाला घेतील असं वाटत नाही." मग त्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, आणि त्याचा आवाज थोडा उतरला. "हिरवं फाटक. ढकललं की उघडतं."

तेवढ्यात दिवे गेले. त्या वर्षी भारनियमन रोजचंच होतं. दुकानदाराने मेणबत्ती चाचपायला सुरुवात केली आणि सबंध गल्ली एका दमात काळी झाली.

फाटक ढकलून ती आत गेली. आत फरसबंद पटांगण होतं. पलीकडे शाळेची इमारत काळोखात नुसती जाणवत होती. कुठेतरी पत्र्यावर पाणी ठिबकत होतं. ती भिंतीला हात लावत मागच्या अंगाला गेली. एक दार, त्याला कुलूप. दुसरं दार, त्यालाही कुलूप. मोबाइलच्या निळसर उजेडात तिला आपलाच हात तेवढा दिसत होता. साडेसहा वाजून गेले होते. बाहेरच्या गल्लीत कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

झालं. आपण आलो होतो, सापडलं नाही. हे बाबांना सांगता येईल… हा विचार आला आणि त्याच्या पाठोपाठ तिच्या अंगभर एक ऊब पसरली. ती ऊब तिच्या चांगल्या ओळखीची होती. हात आपसूक बॅगेच्या मागच्या कप्प्याकडे गेला. रुमालाची गाठ बोटांना लागली.

आणि लवंगेचा वास आला.

आधी वाटलं, आपलीच डबी उघडली असेल. पण वास समोरून येत होता. ताजी लवंग दाताखाली फोडल्यासारखा, तिखट.

"मीटिंग ना?"

माणूस तिच्यापासून दोन हातांवर उभा होता. उंच, हाडकुळा. कानावरून मफलर गुंडाळलेला. चेहरा असायचा तिथे अंधारच होता.

"…हो."

"या. जिना इकडे आहे. बॅग द्या, जड असेल."

कंपनीचा लॅपटॉप ती शिपायाच्याही हातात देत नसे. पण हात पुढे झाला आणि बॅग गेली. देताना त्याची बोटं लागली. नळाखाली धरलेल्या पितळी भांड्यासारखी गार होती.

तो पुढे, ती मागे. जिना लाकडी होता, अरुंद, उभा. पाय पडला की प्रत्येक पायरी कण्हत होती. कठड्याच्या जागी वरून सोडलेला जाड दोर होता, हात लागून लागून तेलकट झालेला. ती दोराला धरून चढत राहिली. पुढे चालणाऱ्याच्या पावलांचा आवाज मात्र येत नव्हता. नुसता वास येत होता.

"वळणावर पायरी तुटलीय," वरून हळू आवाज आला. "भिंतीच्या बाजूनं या."

ती भिंतीला खेटून वळली. डाव्या पायाशी क्षणभर काहीच नव्हतं. खालून गार वारा आला.

वर एका दारातून मेणबत्तीचा उजेड पडला होता. आत माणसं बोलत होती. कोणीतरी खळखळून हसलं. तो उंबऱ्याच्या अलीकडेच थांबला आणि बॅग पुढे केली.

"तुम्ही… आत नाही येत?"

"आज नको." सर्दी झालीय म्हणावं, तशा आवाजात तो म्हणाला, "आज घेतलीय मी."

तिने बॅग खांद्याला अडकवली. मागे वळून आभार मानेपर्यंत दारात कोणी नव्हतं.

आत वर्गाची बाकं भिंतीला लावून गोलात खुर्च्या मांडल्या होत्या. दार मिटू नये म्हणून त्याला अर्धी वीट लावलेली, आणि दाराजवळची एक खुर्ची रिकामी. ती तिथे टेकायला गेली, तर पिकल्या केसांचे एक गृहस्थ म्हणाले, "तिथे नको, इकडे या. ती उशिरा येणाऱ्यासाठी असते. मी सीताराम. फोनवर मीच होतो."

मग एकेकाने बोलायला सुरुवात केली. श्याम म्हणून एक पोरगा होता, कॉल सेंटरवाला. रात्रभर अमेरिकन नावाने बोलायचा आणि सकाळी घरी जाऊन बिअर प्यायचा. त्याच्यानंतर हिरव्या लुगड्यातली एक जाडजूड बाई उठली. लोणी काळभोरहून बसने आलेली.

"मी दुर्गाबाई. मी दारुडी हाय. माजीच भट्टी व्हती. गिऱ्हाइकाला इख नगं जायला, म्हणून आधी मी चाखायची. चाखता चाखता गिऱ्हाइकाला उरंना, मंग भट्टी बंद पडली." सगळे हसले. तीही हसली. "आता म्हशी हायत. दूध चाखलं तर कोन काय म्हनत न्हाई."

आम्रपालीची पाळी आली तेव्हा तिला फक्त नाव सांगायचं होतं. नाव सांगितलं. मग तोंडातून आपोआप पुढचं निघालं. राधा जिन्यात कशी बसली होती, शेजारणीने दिलेलं बिस्किट तिने अर्धं आईसाठी कसं ठेवलं होतं. तू पुन्हा बेल का नाही वाजवलीस, असं आजोबांनी विचारल्यावर ती म्हणाली होती, आई दमली असेल.

हे वाक्य तिने कधीच कोणाजवळ उच्चारलं नव्हतं. ते बोलून झालं आणि ती वाट पाहत राहिली. कोणी च्च केलं नाही. कोणी उपदेश केला नाही. दुर्गाबाई नुसती म्हणाली, "माजं पोरगं तर मला नाल्यातनं हुडकून आनायचं. आता फौजदार हाय. बस खाली, पोरी." आणि आम्रपालीला वाटलं, किती वर्षं कोणाचं तरी जड मूल कडेवर घेऊन आपण उभे होतो, ते आत्ता कोणीतरी उतरवून घेतलं.

दिवे आले. थर्मासमधून चहा निघाला. तिने एक कप घेतला आणि दाराकडे निघाली.

"कुठे?" सीताराम म्हणाले.

"बाहेरच्या काकांना देते. मला वर घेऊन आले ते. थंडीत उभे असतील."

सीतारामांनी हातातली बशी खाली ठेवली. श्याम तिच्याकडे पाहत राहिला. "मफलरवाले?" त्याने हळूच विचारलं.

"हो. तुमचेच ना ते?"

"मला वाटलं, सीतारामकाकांनी ठेवलेत. नवीन लोकांसाठी."

"मी कोणाला ठेवलेलं नाही," सीताराम म्हणाले.

त्या गटात एक रीत कसोशीने पाळली जायची. कोण कुठून आलं, कोणाबरोबर आलं, हे कोणी कोणाला विचारायचं नाही. त्यामुळे इतक्या वर्षांत ही गोष्ट निघालीच नव्हती. आणि निघाली असती तरी कोण बोललं असतं? दारू सुटायच्या पहिल्या दिवसांत माणसाला भिंतीवर मुंग्या दिसतात, मेलेले नातेवाईक दिसतात. प्रत्येकाने आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं की, ते आपल्या डोक्यातलं होतं.

"मला त्यानं लाकडी जिन्यानं आणलं," सीताराम म्हणाले. "दोराला धरून. मीटिंग संपवून उतरलो तर जिना सिमेंटचा. कोणाला सांगणार?… त्या काळात मला पंख्यावर माकडं दिसायची."

आम्रपाली दाराशी गेली. बाहेर ट्यूबलाइटच्या उजेडात सिमेंटच्या पायऱ्या होत्या, लोखंडी पाइपचा कठडा होता. वळणावरची पायरी धडधाकट होती. हातातला कप तिने रिकाम्या खुर्चीवर ठेवून दिला.

"तुजी बॅग धरली व्हती का त्यानं?" दुर्गाबाईने विचारलं.

"हो."

"मंग घरी जाऊन बघ. हितं नगं."

खाली उतरताना दुर्गाबाईने तिचा दंड धरला होता. तो तिने रिक्षा मिळेपर्यंत सोडला नाही.

घरी आल्यावर आम्रपालीने बॅग स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली. मागचा कप्पा उघडला. रुमाल तसाच होता, गाठ तीच. गाठ सोडून तिने बाटली उजेडात धरली. बुचाचं सील शाबूत होतं. सरकारी पट्टीही तुटलेली नव्हती. आणि बाटली कोरडी ठाक होती. आत तळाशी एक लवंग पडली होती.

तिला घाबरायला हवं होतं. ती घाबरलीही. पण त्या भीतीच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं. आज घरात प्यायला काही नव्हतं आणि आणायला जावंसं वाटत नव्हतं. तिने भीमरावांना फोन लावला. म्हणाली, "बाबा, मी जाऊन आले." पलीकडे त्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला. मग ते म्हणाले, "जेवलीस का?"

पुढच्या गुरुवारी ती बाटली तिने सगळ्यांना दाखवली. तेव्हा प्रत्येकाकडून आपापलं निघालं. दुर्गाबाईने पदराखाली हातभट्टीची प्लास्टिकची पिशवी आणली होती. "गाठ तशीच, आन् आत नुसता वारा." श्यामचा बिअरचा डबा न फोडता खेळण्यासारखा हलका झाला होता. सीतारामांनी मात्र आधी दार नीट उघडं आहे ना ते पाहिलं आणि मग त्यांना ठाऊक होतं तेवढं सांगितलं. तेही ऐकलेलंच होतं, गट सुरू करणाऱ्या मंडळींकडून.

"तेव्हा इथे नियम होता. ज्यानं त्या दिवशी घेतली असेल त्यानं आत यायचं नाही. बाहेरच्या बाकावर बसून ऐकायचं. दार लावून घ्यायचे. एक माणूस दर गुरुवारी यायचा. लवंग चघळत बाकावर बसायचा. नवीन कोणी आलं की खाली जाऊन जिना दाखवायचा, सामान घ्यायचा. पण न पिता एक गुरुवार काही त्याला जमला नाही, त्यामुळे आत कधी आला नाही. नाव कोणी विचारलं नाही. मग एका गुरुवारी वळणावरची पायरी मोडलेली दिसली आणि तो दिसला नाही. पुढे जिना नवा बांधला. नियमही काढून टाकला."

चहा निवत गेला.

"आपून घिऊन येतो," दुर्गाबाई म्हणाली, "आन् आपल्या वाट्याची त्यो पितो. मंग त्याचा गुरवार कोरडा जायाचा कसा?"

त्या दिवसापासून फोनवर सीताराम एक वाक्य जास्त बोलू लागले. पिऊन आलात तरी चालेल, आत बसा, पण बरोबर काही आणू नका. पुढे ती फोनची पाळी आम्रपालीकडे आली आणि तीही हेच बजावून सांगू लागली. लोकांना नवल वाटायचं, पण ऐकायचे. नवीन माणसं येत राहिली. ती सांगायची, खाली कोणीतरी होतं, भिंतीच्या बाजूनं यायला सांगितलं. कोणाच्या बॅगेत काही नसायचं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका संध्याकाळी भीमराव स्वतः राधाला घेऊन आले. दप्तर कोपऱ्यात ठेवलं, पाणी प्यायले, आणि निघताना म्हणाले, "रविवारी विहारात ये." ती गेली. पाचवं शील तिने शेवटच्या शब्दापर्यंत म्हटलं. भीमरावांनी या वेळी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

त्याच आठवड्यातल्या गुरुवारी मीटिंग संपताना सगळे उभे राहिले, तेव्हा दाराजवळची खुर्ची करकरली. कोणीतरी जपून उठावं तशी. वर्गात लवंगेचा वास भरून राहिला होता. श्यामने वाकून पाहिलं. खुर्चीच्या लाकडी बैठकीवर एक लवंग पडली होती, अजून ओली. सीतारामांनी हात जोडले. दुर्गाबाईने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "आला बया. एवढ्या वर्सांनी आला."

त्या रात्री आम्रपाली राधाला कुशीत घेऊन गाढ झोपली. गोष्ट इथे संपली असती तरी चाललं असतं.

पुढच्या गुरुवारी मीटिंग अर्ध्यावर आली असताना एक नवा माणूस दारात आला. उत्तरेश्वर नाव. चाकणच्या कारखान्यात फिटर होता. दिवे गेलेले होते. मेणबत्तीच्या उजेडात दिसलं की त्याची पँट गुडघ्यावर फाटलीय आणि तळहातातून रक्त येतंय.

"वळणावर पडलो," तो ओशाळून म्हणाला. "एक पायरी तुटलीय तुमच्या जिन्याची. जरा कोणी सांगायला उभं करा ना. दोर होता म्हणून वाचलो."

दुर्गाबाईने त्याला खुर्चीवर बसवलं, मंगळसूत्रातली सेफ्टी पिन काढली आणि हातात रुतलेली ढलपी ओढून बाहेर काढली. बोटभर लांब लाकूड. जुनं, काळं, एका अंगाला हात लागून लागून गुळगुळीत झालेलं. तिने ते बशीत ठेवलं. सगळे त्या बशीकडे पाहत राहिले. दाराजवळची खुर्ची रिकामी होती. लवंगेचा वास कुठेच नव्हता.

तेव्हापासून दर गुरुवारी आम्रपाली लवकर येते. हिरवं फाटक ढकलून मागच्या अंगाला जाते आणि मीटिंग सुरू होईपर्यंत जिन्याच्या तोंडाशी थांबते. कोणी भांबावलेलं दिसलं की म्हणते, "मीटिंग ना? या." जिना सिमेंटचा आहे, कठडा लोखंडी आहे, हे ती दिवसाउजेडी पुन्हा पुन्हा पाहून आलेली आहे. पण दिवे गेले की ती कठड्याला हात लावत नाही. वळण आलं की भिंतीला खेटते आणि मागच्या माणसाला हळूच सांगते, "भिंतीच्या बाजूनं या."

पाय उचलताना दर वेळी तिला खालून गार वारा लागतो.